शोकेसमधली रिकामी चौकट

दि. ९ जानेवारी

प्रिय नणंदबाईंस, वहिनीचा स. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. फोन केला की तुझा दादा स्टुडिओतून आत येतो, कान लावून उभा राहतो आणि मधूनच तुला माझ्या वजनाचा आकडा ओरडून सांगतो. म्हणून शाळेत असताना सुट्टीत लिहायचो तशी पत्रंच लिहू या. ती तरी तो चोरून वाचणार नाही, त्याला माझं अक्षर लागत नाही.

ऑपरेशनला आज दहा दिवस झाले. पोटावर पाच भोकं आहेत, त्यातलं एक अजून ओलं आहे. आतलं जठर बरंचसं कापून टाकलं आणि जे उरलंय ते म्हणे केळ्याएवढं. त्या केळ्यात दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या इवल्या कपातून एकेक घोट सोडायचा. पाणी, गाळलेलं सूप, पुन्हा पाणी. शिवाय ताकदीची पावडर. डब्यावर व्हॅनिला लिहिलंय, वास मात्र तुझ्या वाचनालयातल्या बाइंडिंगच्या खोलीतल्या ओल्या पुठ्ठ्याचा येतो. काल घाईने दोन घोट जास्त गेले तर नुसता पांढरा फेस वर यायला लागला आणि मी अर्धा तास बेसिनवर वाकून उभी. माझीच मला इतकी शिसारी आली की आरसा टॉवेलने झाकला.

पण पत्र लिहायचं कारण ते नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं की हे वर्ष-दीड वर्षाचं काम आहे, आधी साखर आणि श्वास सुधारतात, कंबर सगळ्यात शेवटी. मी ऐकत होते. तुझा दादा भिंतीवरचे आधीचे-नंतरचे फोटो बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, डाव्या फोटोत दिवा चुकीच्या बाजूला लावलाय. बास, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. मी दवाखान्यातून घरी आले तर आमच्या शोकेसमध्ये, जिथे लहान मुलांचे आणि पदवीच्या टोप्या घातलेल्यांचे फोटो असतात ना, तिथे दोन मोठ्या चौकटी. एकीत मी, राखाडी गंजीत, बाजूने, एकशे अठ्ठावीस किलोची. शेजारची रिकामी. तिच्याखाली त्याने सुबक अक्षरात लिहिलंय, ३१ मार्च. समोर बसस्टॉप. बस येईपर्यंत माणसं दुसरं काय बघणार? उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

तुला माहीत आहे मी हे कशासाठी केलं. सहा वर्षं मी खुर्चीत बसून झोपते. आडवी झाले की श्वास अडकतो आणि मी बुडाल्यासारखी उठते. माझ्या घोरण्याला कंटाळून तुझा दादा स्टुडिओमागच्या खोलीत झोपायला गेला, तो अजून तिथेच आहे. मला आडवं होऊन झोपायचंय, एवढंच. शोकेसमध्ये लटकायचं नव्हतं.

घोट घ्यायची वेळ झाली. माझं सूप पातळ आहे, तुझी माया तशी होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

—

दि. १७ जानेवारी

सौ. वहिनीबाईंस, धाकट्या नणंदेचे स. न. आणि पोटातल्या केळ्याला आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग दादाची लाज वाटली. तो लहानपणापासून असाच आहे. आईने बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघायचा, मोड आला का म्हणून. घरात एकही झाड जगलं नाही.

पण खरं सांगते, तीन महिन्यांचं खूळ त्याच्या डोक्यात मी भरलं. आमच्या वाचनालयातल्या वर्गणीच्या खिडकीवरच्या बाईंनी हेच ऑपरेशन केलं होतं. तीन महिन्यांनी त्या काठीसारख्या दिसत होत्या, असं मी त्याला लिहिलं होतं. तुझ्यासाठी त्याने धीर धरावा म्हणून लिहिलं गं. काल त्यांना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, तीन महिन्यांनी नव्हे, दीड वर्षाने, आणि मधल्या काळात आपण रोज रडत होतो. मी मनानेच दीड वर्षाचे तीन महिने केले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. दादाला खरं काय ते लिहून कळवते.

शाळेत गणिताच्या बाई आपल्याला शेजारी उभं करून दहा म्हणायच्या, मी एक आणि तू शून्य. सगळा वर्ग हसायचा आणि तू सगळ्यांच्या आधी हसायचीस. मला वाटायचं तुला खरंच गंमत वाटते. तुझं पत्र वाचल्यावर वाटलं की कधी विचारलंच नाही.

आरशावरचा टॉवेल राहू दे, पण घोट चुकवू नकोस. माझ्यावरचा राग चार ओळींत लिहून टाक आणि बाकी लोभ जसाच्या तसा ठेव.

तुझी,
नणंद

—

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई, स. न. वि. वि.

तू दादाला लिहिलंस, त्याने वाचलं आणि म्हणाला, वाचनालयातल्या बाईंची इच्छाशक्ती कमी पडली असेल. घे.

पहिल्या दोन आठवड्यांत नऊ किलो गेले तेव्हा तो शेजारच्या किल्लीवाल्याला आणि पलीकडच्या चपलांच्या दुकानात सांगून आला. मग काटा थांबला. एक आठवडा, दोन आठवडे, एकशे एकोणीस म्हणजे एकशे एकोणीस. आहार सांगणारी बाई म्हणते, सगळ्यांचा थांबतो, शरीर घाबरलेलं असतं, त्याला वेळ द्या, आणि काट्यावर रोज चढू नका. मी चढत नाही. मला चढवतात. दर रविवारी स्टुडिओत, जमिनीवर माझ्या पावलांसाठी त्याने चिकटपट्टीच्या खुणा केल्यात, तिथे उभं राहायचं. हनुवटी वर, हात बाजूला, डावीकडून तोच दिवा, तीच गंजी. आजचा फोटो गेल्या रविवारच्या फोटोवर ठेवून तो कडा बघतो आणि सुस्कारा टाकतो. खाटकाच्या दुकानात बकरंसुद्धा यापेक्षा मानाने टांगलेलं असेल.

आणि लोक. बसस्टॉपवरच्या बायका आत येऊन मला निरखून जातात. चपलांच्या दुकानातल्या मालकिणीने परवा माझा दंड दोन बोटांत धरून दाबून बघितला आणि म्हणाली, अजून तर काहीच नाही. तिच्या बोटांना चामड्याच्या पॉलिशचा वास होता, तो दिवसभर दंडावरून गेला नाही. तोंडाला तर चोवीस तास गंज चढल्यासारखी चव असते. उकडलेलं अर्धं अंडं चावून चावून त्याचा लगदा होतो आणि मग तो गिळायचा विचारसुद्धा सहन होत नाही.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. तेवीस जानेवारीला दुपारी मी पलंगावर नुसती पाठ टेकायला म्हणून आडवी झाले आणि झोपले. दीड तास. जागी झाले तर छत समोर होतं. सहा वर्षांत मी झोपेतून उठून छत बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज झोपते, एका उशीवर. साखरेची एक गोळीही बंद झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाच तुमचा पहिला निकाल. तुझ्या दादाला सांगणार होते, पण मी तोंड उघडलं की तो विचारतो, किती भरलं. मग माझी इच्छाच मेली.

तुझ्यावर राग नाही. तीन महिन्यांबद्दल होता, तो तीन ओळींतच संपला. खुशाली कळव आणि या शून्याला पदरात असू दे.

तुझी,
वहिनी

—

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. स्टुडिओ बरा चालला आहे. शोकेसमुळे लोक थांबतात, चौकशी करतात, ओळखपत्राचे फोटो वाढले आहेत.

एक छोटं काम होतं. तुझा एक पूर्ण उंचीचा फोटो हवा आहे. साधा निळा पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून, पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहा. उजेड डावीकडून यायला हवा, हात बाजूला, मान किंचित उजवीकडे. वाचनालयातल्या कोणाकडूनही काढून घे, फक्त हलू नकोस. कुटुंबाचा आल्बम करायचा विचार आहे. मार्चच्या मध्यापर्यंत मिळाला तर बरं.

वहिनीची प्रगती सावकाश आहे. मी तिला काही बोलत नाही, पण ३१ तारीख लोकांच्या लक्षात आहे. बसचा कंडक्टरसुद्धा विचारतो. मनुष्याने शब्द दिला की पाळावा लागतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

प्रकृतीला जप. दादाची आठवण ठेवत जा.

तुझा,
दादा

—

दि. ४ मार्च

ती. दादास, सा. न.

सांगितलास तसा फोटो सोबत पाठवत आहे. मान तीनदा उजवीकडे वळवली. आल्बमसाठी एवढी मापं कशाला लागतात ते विचारत नाही.

वहिनीला जप. काट्यापेक्षा तिच्याकडे बघ.

तुझी,
धाकटी

—

दि. २ एप्रिल

नणंदबाई,

नमस्कार, विनंती, विशेष सगळं लिहिलं असं समज.

मार्चचा हिशेब आधी सांगते. पंधरा तारखेपर्यंत एकशे बारा झाले. मला माहीत होतं की हे चांगलं आहे, आहारवाल्या बाईने वहीवर तसं लिहूनही दिलं. पण रोज शोकेसवरून जाता-येता ती तारीख बघून बघून माझं डोकं फिरलं. मी अंडं सोडलं. दही सोडलं. ओल्या पुठ्ठ्याची पावडर बेसिनमध्ये ओतायला लागले. वाटलं, एकदाची ती चौकट भरू दे, म्हणजे सुटले. पंचवीस तारखेला केस विंचरताना फणीत एवढा मोठा झुबका आला की मला वाटलं कुणा दुसऱ्याचाच आहे. सव्वीसला जिन्यात चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाई इतक्या रागावल्या की त्यांचा चष्मा खाली आला. म्हणाल्या, जठर कापून मी तुम्हाला वाचवलं, आता तुम्ही उपाशी मरून मला खोटं पाडणार का? तुझा दादा बाहेर गाडी लावत होता.

एकतीसला मी घरातच होते, पडून. संध्याकाळी किल्लीवाला अभिनंदन करायला आला. मग बसस्टॉपवरच्या दोघी. मला कळेना. खाली जाऊन बघितलं, तर दुसरी चौकट भरलेली. माझा चेहरा, निळा ड्रेस आणि खाली सत्तर किलोची एक बाई. मी, हसताना. हे हसू कुठून आणलं म्हणशील, तर आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या फोटोतून. कॉम्प्युटरवर त्याने मान अशी जोडली होती की सांधा दिसू नये. कारागिरी उत्तम, यात वाद नाही. मी काचेला नाक लावून स्वतःला बघत होते आणि तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. मग तिच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. पहिलं बोट पेरभर आखूड.

ते बोट तू बावीस वर्षांपूर्वी पुस्तकं कापायच्या यंत्राला दिलंस. मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते. ते बोट मी जगात कुठेही ओळखीन.

तू मला का नाही सांगितलंस?

त्याला विचारलं तर तो म्हणाला, आज ना उद्या असंच दिसणार आहेस, मी फक्त थोडं आधी दाखवलं. लोकांपुढे तुझीच फजिती वाचवली. आणि हे बोलताना तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, त्या फोटोकडे बघत होता. मायेने. पंचवीस वर्षांत माझ्याकडे असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मला त्याची किळस आली. ऑपरेशनपासून स्वतःची येत होती, परवा पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची आली.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. पोस्टातली काउंटरवाली माहीत आहे ना, माझ्याच अंगाची, दम लागला की शिक्का मारायचा थांबवते ती. काल ती त्या फोटोची प्रत घेऊन गेली. त्याने आनंदाने दिली. तिने ऑपरेशनसाठी जूनची तारीख घेतली आहे आणि सप्टेंबरपर्यंत आपण अशा दिसू म्हणून घरातले सगळे कपडे वाटायला काढलेत. माझं डोकं आणि तुझं धड बघून ती बाई आपलं पोट कापून घ्यायला निघाली आहे.

प्रेम वगैरे मागायची आज इच्छा नाही. उत्तर मात्र दे.

वहिनी

—

दि. ८ एप्रिल

सौ. वहिनीस, अपराधी नणंदेचा नमस्कार.

उत्तर मागितलंस, ते देते. मला पुरतं माहीत नव्हतं आणि अर्धं माहीत होतं. उजेड डावीकडून म्हटल्यावरच माझ्या मनात आलं. तुझा रविवारचा फोटो तसाच असतो, तूच लिहिलं होतंस. तरी मी तीनदा मान वळवून फोटो काढला, पाकिटात घातला आणि पाठवला. दादाला नाही म्हणायची मला सवय नाही. वरून एक ओळ अशी लिहिली की उद्या बोट दाखवायची वेळ आली तर मी सुटावी. ती ओळ आठवली की माझाच मला तिटकारा येतो.

आणखी एक, आणि हे लिहायला मला दोन दिवस लागले. माझं धड तुझ्यासाठी चांगलं आहे असं कुणाला तरी वाटलं, याचा कुठेतरी मला आनंद झाला. शाळेत एक म्हणून उभी असताना व्हायचा तसा. आता तू काय म्हणायचं ते म्हण.

दादाला आज कडक पत्र टाकलंय. माझ्या शरीराची परवानगी मी देत नाही, फोटो उतरव, एवढंच लिहिलंय. पण पोस्टातल्या बाईकडे पत्राने काम होणार नाही. तिथे माणूसच जायला हवा. आणि जेवण सोडू नकोस. माझ्यावर रागावून राहा, पण जेवून रागाव.

तुझ्या लोभावर माझा हक्क उरला आहे की नाही ते तूच ठरव.

नणंद

—

दि. १९ एप्रिल

प्रिय नणंदबाईंस, वहिनीचा स. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होते. दुसऱ्यांदा वाटलं, आपल्या घरात खरं लिहिणारं एक तरी माणूस आहे. आनंद झाला ते लिहिलंस, बरं केलंस. मला शाळेपासून ठाऊक होतं.

आता ऐक. तुझं कडक पत्र हातात आल्यावर तुझ्या दादाने फोटो चौकटीतून काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि विषय संपला अशा थाटात जेवायला बसला. मी म्हटलं, संपला नाही, पोस्टात चल. तो म्हणाला, फोनवर सांगू. म्हटलं, फोटो फोनवर दिला होतास का? दोन दिवस तो अंग चोरत होता. तिसऱ्या दिवशी मी शोकेसमध्ये स्टूल नेऊन ठेवलं आणि माझ्या राखाडी गंजीतल्या फोटोच्या शेजारी स्वतःच जाऊन बसले. एकशे नऊ किलो, दंडाची कातडी लोंबती, टाळूवर केस विरळ, मांडीवर दह्याची वाटी. चमचा चमचा खात बसले. बसस्टॉप आधी हसला, मग दुसरीकडे बघायला लागला. चार दिवस बसले. चौथ्या दिवशी एकही माणूस थांबला नाही, फक्त एका म्हातारबुवांनी काचेवर टकटक करून पुढची बस कधी आहे ते विचारलं. त्या दिवशी तुझा दादा निमूट चप्पल घालून आला.

पोस्टात रांग होती, अकरा माणसं. तो आधी पुटपुटला, ते तंत्राने केलेलं संकल्पचित्र आहे वगैरे. काउंटरवालीला काही कळलं नाही. मी म्हटलं, मराठीत सांग. मग तो सगळ्या रांगेदेखत म्हणाला की डोकं बायकोचं आहे आणि खालचं धड बहिणीचं. मागून कोणीतरी फिस्स करून हसलं. काउंटरवाली नाही हसली. तिने खिडकी बंदची पाटी लावली आणि आम्हाला मागच्या टपाल निवडायच्या खोलीत नेलं.

तिथे मी तिला सगळं दाखवलं. पोटावरचे पाच डाग, लोंबणारा दंड, टाळू. फेसाचं सांगितलं, पुठ्ठ्याच्या वासाचं, दोन आठवडे थांबलेल्या काट्याचं, आणि घाई करून जिन्यात पडल्याचं. कपडे वाटू नका म्हटलं, डिसेंबरातही लागतील. तिचं तोंड कडू झालेलं दिसत होतं. मला वाटलं, ही आता तारीख रद्द करणार. मग तिने खूप हळू विचारलं, झोप लागते का हो? ती टेबलावर डोकं ठेवून झोपते गं, नऊ वर्षं. मी म्हटलं, पंचविसाव्या दिवसापासून लागते. आडवी होऊन. एका उशीवर. तिने हातातला टपालाचा गठ्ठा खाली ठेवला आणि रडत राहिली. जूनची तारीख ती ठेवणार आहे.

तुझा दादा दाराशी उभा होता. त्याने विचारलं, कधीपासून म्हणालीस? मी तारीख सांगितली. तो म्हणाला, मला कसं नाही सांगितलंस? तीन महिने मी भिंतीपलीकडे आडवी झोपतेय आणि दर रविवारी माझे फोटो काढणाऱ्या माणसाला पत्ता नाही. घरी पोचल्यावर त्याने दोन्ही चौकटी उतरवल्या आणि जमिनीवरच्या चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

किळस गेली का म्हणशील, तर नाही गेली. तो समोर बसून जेवायला लागला की अजून मला ते मायेने बघणं आठवतं आणि घास फिरतो. काल त्याने चाचरत विचारलं की मागच्या खोलीतून त्याचं अंथरूण परत आमच्या खोलीत आणलं तर चालेल का. मी त्याला समोर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं होतं तेच स्वच्छ सांगितलं. हे वर्ष-दीड वर्षाचं काम आहे. मधे काही दिवस काहीच हलणार नाही. रोज येऊन बघायचं नाही, आणि तारीख तर मुळीच लिहायची नाही. या वेळी मात्र तो ऐकत होता.

दुपार झाली, आता जरा आडवी होते. हक्काचं विचारलंस, तर तो तुझाच आहे, दोघींनी मिळून सांभाळू.

तुझी,
वहिनी